चोवीस कॅरेट आणि तीन पेले

माझे भावोजी, म्हणजे आमच्या ताईचे यजमान, सोन्याच्या कारखान्यात कारागीर आहेत. मी त्यांच्याच घरात राहते, चष्म्याच्या दुकानात काम करते, आणि ताईच्या मते माझी जीभ कारण नसताना चालते. भावोजींची जीभ कारण असतानाही चालत नाही. त्यामुळे घराचं सरासरी बोलणं इतर घरांइतकंच भरतं.

कारखाना म्हटलं की लोकांना धुराडं दिसतं. तसं काही नाही. एक लांब खोली, खिडक्यांकडे तोंड करून मांडलेले लाकडी बाक, आणि प्रत्येक बाकाच्या पुढच्या कडेखाली ताणून बसवलेली कातड्याची झोळी. कानस चालवताना सोन्याचा जो कीस पडतो तो जमिनीवर न जाता या झोळीत पडतो. आणि दारात एक तपासनीस. बाकावरून उठायचं, मग ते पाणी प्यायला का असेना, तर आधी दोन्ही हात झोळीवर ब्रशने झाडायचे. मग दारात जाऊन तळवे उघडायचे, बोटं फाकवायची, हात उलटे करून दाखवायचे. तपासनिसाने मान हलवली की बाहेर. भावोजी मिसरूड फुटल्यापासून हे करत आले आहेत आणि आता त्यांच्या मिशा पांढऱ्या झाल्या आहेत.

परिणाम असा झालाय की हा माणूस घरी जेवून उठला तरी ताटावर हात झाडतो आणि ताईसमोर तळवे उघडे करून उभा राहतो. ताई मान हलवते, मग ते हात धुवायला जातात. नव्या पाहुण्यांना हसू येतं. आम्हाला ते आता दिसतसुद्धा नाही. त्यांना काही म्हणजे काही लपवता येत नाही. पत्ते खेळताना त्यांचा हात बघायला मान वाकडी करावी लागत नाही, ते स्वतःच समोर धरतात. एकदा ताईसाठी गुपचूप कानातले आणले, तर दार उघडल्या उघडल्या हात पुढे केला आणि म्हणाले, "हे तुला संध्याकाळी द्यायचे होते." कारखान्यात त्यांना सगळे 'चोवीस' म्हणतात. चोवीस कॅरेटमधला चोवीस. तिजोरीतून सोनं काढून वितळवण्याचं काम मालक दुसऱ्या कुणाला देत नसत.

आता अशा माणसाने हातचलाखी शिकायला घेतली, हे ऐकून कुणाला खरं वाटेल?

मालक कारखान्याच्या वरच्या मजल्यावर राहतात. त्यांच्या नातवाच्या वाढदिवसाला दर वर्षी सगळ्या कारागिरांना घरच्यांसकट बोलावणं असतं. तीन वर्षांपूर्वी तिथे एक जादूगार आणला होता. कोट खांद्यांवर सैल, बुटांना पॉलिश नाही, आणि चेहऱ्यावर 'कधी एकदा आटपतंय' असा भाव. पण त्याने तीन पेले टेबलावर उपडे घातले आणि बोराएवढे तीन गोळे काढले, तेव्हा त्याचे हात बाकीच्या माणसापासून वेगळे झाल्यासारखे चालू लागले. गोळा या पेल्याखाली ठेवला, तर त्या पेल्याखाली निघाला. हातात घेतला, मूठ उघडली, तर मूठ रिकामी. शेवटी तिन्ही पेले उचलले तर खाली तीन लिंबं.

मी केक खात होते. टाळ्या वाजवायच्या म्हणून बशी खाली ठेवली आणि भावोजींकडे पाहिलं. ते टाळ्या वाजवत नव्हते. संध्याकाळी वजन करताना काटा जरा हलका बसला की त्यांचा चेहरा जसा होत असेल, तसा झाला होता. कारण ते सगळा वेळ हातांकडे बघत होते. जन्मभर ज्याने हात आणि हातातले कण बघितले, त्याच्या डोळ्यांदेखत तीन गोळे इकडचे तिकडे झाले होते. हे त्यांना मानवणं शक्यच नव्हतं.

जादूगार स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या उभ्या खात होता. भावोजी सरळ त्याच्यापुढे जाऊन उभे राहिले. त्यांच्या मागोमाग मी, कारण आमचे भावोजी अनोळखी माणसाशी आपणहून बोलायला जातात हीच मला जादू वाटली होती.

"तो गोळा तुमच्या डाव्या हातात गेलाच नव्हता का?" भावोजींनी विचारलं.

"गेला असं तुम्हाला वाटलं ना? मग झालं तर." जादूगार खात राहिला. मग त्याचं लक्ष भावोजींच्या हातांकडे गेलं. "हात चांगले आहेत तुमचे. काय करता?"

"सोन्याचं काम."

"मग शिका की. तुम्हाला सोपं जाईल."

इतका चुकीचा अंदाज मी दुसऱ्या कुणाचा ऐकलेला नाही. पण माणूस भला होता. त्याने कागदी रुमालाचा बोळा केला आणि मूळ युक्ती दाखवली. गोळा उजव्या हातात. तो डाव्या हातात दिल्यासारखं करायचं, पण द्यायचा नाही. डावी मूठ मिटायची, तिच्याकडे बघायचं, म्हणजे लोकही तिच्याकडेच बघतात. गोळा उजव्यातच राहतो. डावा हात सगळ्या खेळात फक्त सोंग करतो, त्याच्यात कधीच काही नसतं. "बाकी सगळं यावरच चढवलेलं आहे," जादूगार म्हणाला आणि बशी ठेवून निघून गेला.

घरी पहिली अडचण पेल्यांची होती. कुणीही दुकानातून तीन प्लास्टिकचे पेले आणले असते. भावोजींनी तांब्याचा पत्रा आणला. रोज कामावरून आले की गॅलरीत ठोकठोक सुरू. पत्रा तापवायचा, पाण्यात घालायचा, पुन्हा ठोकायचा. वरच्या मजल्यावरच्या बाई एकदा येऊन 'बांधकाम किती दिवस चालणार' विचारून गेल्या. पण पेले असे झाले की बोट ठेवायला जागा नाही. एकात एक घातले की हवा निघून गेल्याचा आवाज यायचा. ताईने बुचाच्या तुकड्यांवर लाल लोकर विणून गोळे करून दिले. आणि भावोजींनी पेल्यांना पॉलिश केलं. असं पॉलिश केलं की मी त्यात बघून टिकली सरळ केली.

पहिला प्रयोग माझ्यासमोर झाला. भावोजींनी गोळा डाव्या हातात दिला, मूठ उघडली, रिकामी. मी म्हटलं, "उजव्या हातात आहे."

ते म्हणाले, "तुम्हाला माहीत आहे म्हणून तुम्ही म्हणताय."

"नाही हो, दिसतोय. मधल्या पेल्यात बघा."

आणि खरंच, त्या चकचकीत पेल्याच्या पोटात त्यांचा उजवा तळवा आणि तळव्यातला लाल गोळा आरशात दिसावा तसा दिसत होता. तिन्ही पेल्यांत तीन गोळे. मी दिवसभर लोकांच्या नाकावर काचा बसवते, मला चकाकी कुठे काय दाखवते ते कळतं. आता ही चकाकी काढायची म्हणजे स्वतःच्या हाताने केलेलं काम स्वतःच खराब करायचं. भावोजी घासायचा कागद घेऊन दोनदा बसले आणि दोनदा उठले, त्यांच्याने ते होईना. शेवटी ताईने तिन्ही पेले उचलून मोरीत नेले आणि तारेच्या घासणीने करपलेलं पातेलं घासावं तसे घासून काढले. भावोजी त्या वेळी खाली फिरायला गेले होते. ताईनेच पाठवलं होतं, त्यांच्या डोळ्यांदेखत तिलाही धीर झाला नसता.

दुसरी अडचण जास्त मोठी होती. हात उघडायचा. गोळा उजव्या हातात लपवून हात सहज बाजूला घ्यायचा असतो, आणि भावोजींचा हात सहज बाजूला गेला की आपोआप उघडायचा. बोटं फाकायची. गोळा टपकन खाली. ते स्वतःवर चिडायचे, पुन्हा करायचे, पुन्हा टपकन. गोळे पलंगाखाली, कपाटामागे, एकदा आमटीत. महिने गेले. मी म्हटलं, "भावोजी, तुम्ही उलट खेळ करा. लोकांना सांगा, मी काही लपवणार नाही, आणि लपवू नका. लोक थक्क होतील."

तोडगा ताईला सापडला. ती भाजी निवडत त्यांच्याकडे बघत होती. म्हणाली, "अहो, पेले ठोकताना तर तुमची मूठ कधी उघडत नव्हती."

भावोजींनी मान वर केली.

"हातोडी धरा की. जादूगाराच्या हातात काठी असते तशी. हातोडी हातात असली की तुमची मूठ मिटलेलीच असते."

त्यांनी आपली छोटी हातोडी आणली. गोळा डाव्या हातात दिल्यासारखं केलं, लगेच उजव्याने हातोडी उचलली, तिने डाव्या मुठीवर हलकेच ठोकलं, आणि मूठ उघडली. रिकामी. उजवी मूठ हातोडीभोवती मिटलेली, आत गोळा, आणि कुणाच्या बापाला संशय आला नसता. कारण तो हात काही लपवत नव्हता, तो काम करत होता. मी भावोजींना इतकं मोकळं हसताना क्वचित पाहिलंय. पुन्हा पुन्हा करून दाखवलं. भाजी तशीच राहिली.

मग राहिलं बोलणं. जादू करताना बोलावं लागतं, आणि हे तर मुलखाचे अबोल. आधी त्यांनी जादूगारासारखं 'हुशार मंडळी, डोळे उघडे ठेवा' वगैरे म्हणून पाहिलं. तोंडी परीक्षेला उभं राहिल्यासारखं वाटत होतं. ताई म्हणाली, "तुम्हाला जे ठाऊक आहे ते बोला ना."

त्यांना कारखाना ठाऊक होता. तो खेळ तिथून आकाराला आला. पहिला पेला म्हणजे पहिला बाक, दुसरा पेला दुसरा बाक, आणि तिसरा मालकांची तिजोरी. लाल गोळा म्हणजे सोन्याचा मणी. पहिल्या बाकावरचा कारागीर पाणी प्यायला उठतो. तपासनीस म्हणतात, हात दाखवा. डावा हात, ठक, रिकामा. मग मणी गेला कुठे? दुसऱ्या बाकाखाली बघा, नाही. तिजोरी उघडा. तिजोरीत. असं तीनदा, आणि दर वेळी वेगळ्या वाटेने. शेवटी, "मालकांच्या घरी काही कमी होत नाही, वाढतंच," असं म्हणून तिन्ही पेले उचलायचे आणि खाली तीन लिंबं. प्रत्येक वाक्याला एक हालचाल आणि प्रत्येक हालचालीला कारण. तो खेळ इतका साधा, इतका त्यांचा होता, की मला सगळं माहीत असूनही मी दर वेळी तिजोरीकडे बघायची आणि लिंबं कधी आत गेली ते मला कळायचं नाही.

पुढच्या वाढदिवसाला भावोजींनी तो खेळ केला. मालकांच्या दिवाणखान्यात, सगळ्या कारखान्यासमोर. आवाज सुरुवातीला जरा कापला, हातोडी हातात आल्यावर स्थिरावला. तपासनिसाचं नाव निघताच खरे तपासनीस उठून पुढे आले, वाकून डावा हात बघितला, आणि 'रिकामा' असा निकाल दिला. हशा झाला. लिंबं निघाल्यावर मालक स्वतः उभे राहिले. "चोवीस, तुम्ही छुपे रुस्तम निघालात," असं म्हणाले. त्या रात्री ताईची मान जरा ताठच होती. मीसुद्धा 'ते माझे भावोजी' असं दोघा-तिघांना विनाकारण सांगितलं.

आता कळतं की तिथेच घोडं पेंड खाणार होतं. पण त्या वेळी आम्हा तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. माणूस सरळ असला की आपण लोकांना काय दाखवतोय ते त्याला कळत नाही.

काही दिवसांनी कारखान्यात वजनात घट आली. कानसकामातली थोडी घट सगळीकडे धरलेली असते, पण ही तशी नव्हती. सोन्याच्या तारेचं एक वेटोळं गायब होतं. सगळ्यांच्या झोळ्या उलट्या करून झाडल्या. जमिनीवरच्या लाकडी फळ्या उचलून खालची धूळ गोळा केली. हात धुण्याच्या टाकीचा गाळ काढला. काही मिळालं नाही. मग लोक एकमेकांकडे बघायचे थांबले आणि एकाच बाकाकडे बघायला लागले. कुणाला काही बोलायची गरजच नव्हती. सगळ्या कारखान्याने आपापल्या डोळ्यांनी पाहिलं होतं की हा माणूस तपासनिसाच्या नाकासमोर मणी नाहीसा करतो.

मालकांनी बोलावून घेतलं. भावोजींनी आत जाताच सवयीने दोन्ही तळवे पुढे केले. मालक काही वाईट माणूस नाहीत. ते त्या हातांकडे बघत म्हणाले, "दादा, आधी तुमचे हात बघून मला कळायचं. आता कळत नाही. त्याला मी तरी काय करू?"

नोकरीवरून काढलं नाही. पितळेवर बसवलं. म्हणजे दागिन्यांचे नमुने आधी पितळेत करतात, ते काम. नवशिक्यांचं काम. बाक तोच, खिडकी तीच, फक्त समोर सोनं नाही. वितळवायचं काम पॉलिशवाल्याकडे गेलं, तो शेजारच्याच बाकावर बसतो.

भावोजींनी हे आम्हाला जेवताना सांगितलं, एका वाक्यात, आणि मीठ मागितलं. मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. मालकांपासून सुरुवात करून मी त्या जादूगाराच्या सैल कोटापर्यंत सगळ्यांचा उद्धार केला. भावोजी जेवून उठले, ताटावर हात झाडले, आणि तळवे उघडायला गेले ते मध्येच थांबले. हात तसेच खाली सोडून मोरीकडे गेले. ताई त्यांच्या पाठीकडे बघत राहिली आणि मग तोंडाला पदर लावून रडली. त्या दिवसापासून त्यांनी घरी हात दाखवणं सोडलं. पेले कपाटावर गेले.

आणि मग ते वेटोळं सापडलं. पॉलिशवाल्याच्या झोळीचं कातडं जिथे खिळ्यांनी ठोकतात तिथे दुमड होती, त्या दुमडीत. झोळी बदलायला काढली तेव्हा खाली पडलं. मला ही बातमी ताईने दुकानात फोन करून सांगितली. मी गिऱ्हाईकाचा चष्मा हातात घेऊन हसत होते, ते बिचारं विचारतंय की नंबर वाढला की काय.

पण आमचं हसणं घाईचं होतं. ती दुमड आधी दोनदा तपासली होती, असं पॉलिशवाल्याचं म्हणणं पडलं. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं. नाहीतर आपली झोळी नीट बघितली नाही हे कबूल करावं लागतं. आणि दोनदा बघितलेल्या जागी तिसऱ्यांदा सोनं निघालं, तर ते आलं कुठून? बोलता बोलता कुणीतरी म्हणालं, नाहीसं करणाऱ्याला परत आणताही येतं. बस. मालक भावोजींना म्हणाले, "थोडे दिवस जाऊ द्या, मग बघू."

थोडे दिवस गेले, आणखी थोडे गेले. सोनं हरवलं तेव्हा संशय यांच्यावर, सापडलं तरी संशय यांच्यावर. कशाने पुसायचा? शपथ घेऊन? शपथ तर चोरही घेतो. मी म्हटलं, दुसरीकडे नोकरी बघा. भावोजी म्हणाले, "तिथेही विचारतील, का सोडलं." खरं होतं. जिथे सगळा व्यवहार हातांच्या भरवशावर चालतो, तिथे ही कीर्ती माणसाच्या आधी जाऊन पोचते. त्या काळात ते वाळले. पितळेची कामं मन लावून करायचे, उगाचच सोन्यासारखी करायचे, आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडायचे. निवृत्तीला फार वर्षं राहिली नव्हती. ती पितळेवर काढायची आणि पाठीमागे 'अमका तो' म्हणवून घ्यायचं, या विचाराने त्यांना झोप नव्हती.

पुन्हा वाढदिवस आला. मालकांच्या सुनेला कारखान्यातलं राजकारण काय ठाऊक? तिने भावोजींना फोन केला, "काका, तुमचा पेल्यांचा खेळ हवाच हं, मुलं कधीची विचारताहेत." मला वाटलं, हे नाही म्हणतील. भावोजी म्हणाले, "येतो."

मला काळजी वाटली. इतक्या महिन्यांत पेल्यांना हात लावलेला नाही, त्यातून सगळ्यांच्या नजरा हातांवर. त्या आठवड्यात ते कामावरून आले की आतल्या खोलीचं दार लोटून घ्यायचे, ताई पण आत. बाहेर मला पेला पडल्याचे आवाज यायचे. लिंबू घरंगळत दारापर्यंत यायचं. मग ताईचा समजावणीचा सूर. हात गेला, मी मनाशी म्हटलं. त्या पितळेने आणि त्या माणसांनी मिळून यांचा हात घालवला.

दिवाणखाना गेल्या वेळेसारखाच भरला होता, पण भावोजी टेबलामागे उभे राहिले तेव्हा खुर्च्या करकरलेल्याही ऐकू येत होत्या. मालक पुढच्या रांगेत. पॉलिशवाला त्यांच्या शेजारी, हाताची घडी घालून. कुणी पेल्यांकडे बघत नव्हतं, सगळे हातांकडे बघत होते.

"हा पहिला बाक," भावोजींनी सुरुवात केली. आवाज पडलेला. "हा दुसरा. ही मालकांची तिजोरी." मणी घेतला, डाव्या हातात दिला, हातोडी उचलली, ठक. "हात दाखवा." डावी मूठ उघडली आणि लाल गोळा त्यातून टेबलावर पडला, घरंगळत मालकांच्या पायाशी गेला.

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. भावोजी गडबडले. "थांबा, पुन्हा करतो," म्हणाले. पुन्हा केलं. या वेळी हातोडीचा धक्का लागून पेला आडवा झाला आणि खाली आधीच ठेवलेला गोळा सगळ्यांना दिसला. तो झाकायला वाकले तर खिशातून एक लिंबू पडलं आणि सोफ्याखाली गेलं. मुलं त्याच्यामागे धावली. तोवर सगळा दिवाणखाना हसत सुटला होता. मालक रुमालाने डोळे पुसत होते. महिनोन् महिने ज्या खोलीत श्वास अडकला होता तिथे कुणीतरी खिडकी उघडल्यासारखं झालं होतं. तपासनीस म्हणाले, "चोवीस, गेल्या वर्षीही मला तो दिसलाच होता, पण म्हटलं सगळ्यांसमोर कशाला सांगा." पॉलिशवाला म्हणाला, त्यालाही दिसला होता. मग निम्म्या कारखान्याला गेल्या वर्षीचा गोळा दिसू लागला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. भावोजी कपाळाचा घाम पुसत पेले गोळा करत होते. मालक उठून त्यांच्यापाशी गेले, त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "अहो दादा, तुमच्याच्यानं एक लिंबू लपत नाही, आणि आम्ही वेड्यासारखे... जाऊ दे. सोमवारी वितळवायचं काम आहे. तुम्हीच या तिजोरीशी." भावोजींनी मान खाली घालून नुसतं "बरं" म्हटलं.

घरी जाताना कारखान्यातली मंडळी भावोजींना मध्ये घेऊन पुढे चालली होती, चेष्टा करत. ताई आणि मी मागे. मी रागाने फणफणत होते. सोन्याचं काम परत मिळालं ते ठीक, पण इतक्या लोकांत असं हसं? "ताई, त्यांना सरावाला आणखी दिवस द्यायला हवे होते," मी म्हटलं. "पहिलाच गोळा डाव्या हातातून पडला. आधी कधी..."

आणि मी तिथेच थांबले. डाव्या हातात गोळा असतोच कुठे? तो हात नुसतं सोंग करतो. त्यातून पडायचा तर आधी तो मुद्दाम तिथे द्यावा लागतो, बेताने, हातोडी उचलण्याच्या आधी.

मी ताईकडे बघितलं.

"हळू बोल," ताई म्हणाली. ती सरळ पुढे बघत चालत होती. "पहिले दोन दिवस गोळा फार सफाईने पडत होता. मी म्हटलं, अहो, असा कुणाचा पडतो का? कुणाला खरं वाटणार नाही. जरा घाबरल्यासारखं करा. तर म्हणतात, ते कसं करतात? सगळा आठवडा त्यातच गेला." तिने डोळे पुसले. "लिंबू मी सुचवलं."

पुढे पॉलिशवाल्याने भावोजींच्या खांद्यावर हात टाकला होता आणि तो त्यांची समजूत घालत होता, की दादा, मनाला लावून घेऊ नका, ही हाताची कला आहे, ती सगळ्यांना नाही जमत.

"खरंय तुमचं," भावोजी म्हणाले.